बकलर्स हार्ड: ओकच्या लाकडाचं गाव

(ओहोटी. चिखल, काळी लाकडं. निवेदनाआधी पंधरा सेकंद फक्त पाण्याचा आणि पक्ष्यांचा आवाज.)

ही काळी लाकडं बघा, चिखलातनं डोकं वर काढून बसलीयेत. ओहोटी लागली की दिसतात, भरती आली की गायब, आणि हे दोनशे वर्षांच्या वर असंच चाललंय. बाजूनं लोक आइस्क्रीम खात जातात, कुत्री फिरवतात, कुणी फारसं बघत नाही तिकडे. पण ही लाकडं जहाजं पाण्यात सोडायच्या जुन्या उतरणीची आहेत, आणि ह्या उतरणीवरनं जहाजं नदीत उतरलीयेत. साधी मासेमारीची नाही, तोफा लावायची लढाऊ जहाजं, आणि तीही ह्या एवढ्याशा गावात, जिथे आज उभं राहिलं तर एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

गावाचं नाव बकलर्स हार्ड. दक्षिण इंग्लंडमधलं हॅम्पशर, त्यातलं न्यू फॉरेस्ट नावाचं जंगल आणि त्या जंगलातनं वळत वळत समुद्राला जाणारी ही ब्यूली नदी. स्पेलिंग बघाल तर भलतंच काहीतरी वाचाल, पण इथले लोक ब्यूलीच म्हणतात. नदी म्हणतोय खरं, पण कोकणातल्या माणसाने बघितली तर सरळ खाडीच म्हणेल, कारण पाणी खारं आणि भरती-ओहोटीवरच सगळा कारभार. आणि 'हार्ड' म्हणजे काय, तर खाडीच्या काठाला सगळीकडे गुडघाभर चिखल असतो, त्यात एखादीच जागा अशी असते की जिथे जमीन घट्ट असते, माल उतरवता येतो, बैलगाडी पाण्यापर्यंत नेता येते. अशा घट्ट काठाला इकडे हार्ड म्हणतात. सगळं गाव त्या घट्ट जमिनीच्या जिवावर उभं राहिलं.

(ड्रोन शॉट. दोन रांगा लाल विटांची घरं, मधे हिरवं मैदान, खाली नदी.)

आता वरनं बघा. दोनच रांगा आहेत घरांच्या. लाल विटांची, समोरासमोर, आणि मधे रस्ता म्हणावा तर हे केवढं रुंद गवताचं मैदान. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं अर्धं गाव पाडून टाकलंय की काय. तर तसं नाही, गाव एवढंच बांधलं गेलं. त्याची गोष्ट अशी की अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथली सगळी जमीन होती दुसरा ड्यूक ऑफ माँटेग्यू ह्याच्या ताब्यात. त्याला राजाकडून कॅरिबियनमधली सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट ही बेटं मिळाली होती, निदान कागदावर, आणि त्याच्या डोक्यात असं की तिकडची साखर जहाजाने इथे आणायची, ह्या नदीवर बंदर करायचं, शहर वसवायचं, नाव द्यायचं माँटेग्यू टाऊन. १७२२ मध्ये त्याने जहाजं पाठवली. तिकडे फ्रेंचांनी उतरू दिलं नाही, जहाजं परत आली आणि शहर राहिलं ह्या दोन रांगांपुरतं. साखरेच्या त्या धंद्यात मळ्यावर राबणारी माणसं गुलाम होती, हे सांगायलाच पाहिजे.

पण शहर फसलं म्हणून ही रुंद जागा रिकामी राहिली, आणि पुढे तीच कामाला आली. कारण ह्या दोन घरांच्या रांगांमधे, आज जिथे ती पोरं फुटबॉल खेळतायत ना, तिथे ओकचे ओंडके रचलेले असायचे.

(म्युझियममधलं मॉडेल. क्लोजअप, हळू पॅन.)

हे गावातल्या म्युझियममधलं मॉडेल. १८०३ साली गाव कसं होतं ते दाखवलंय आणि आम्ही ह्याच्यासमोर जवळपास तासभर कॅमेरा लावून बसलो होतो. नीट बघा, घरांच्या मधे लाकडाचे ढीग आणि खाली काठावर दोन जहाजांचे सांगाडे उभे आहेत, घरांपेक्षा उंच. म्हणजे सकाळी दार उघडलं की समोर नदी नाही दिसायची, जहाजाचं पोट दिसायचं. ह्या घरातल्या बाईने धुणं वाळत घातलं तर त्यावर भुसा बसत असणार आणि दिवसभर ठोकाठोकीचा आवाज, रात्रीच काय तो बंद.

१७४० च्या दशकात इथे नौदलासाठी जहाजं बांधायला सुरुवात झाली. पोर्ट्समथची सरकारी गोदी अशी फार लांब नाही, पण लढाया चालू असताना तिथे जागा पुरायची नाही, म्हणून सरकार खाजगी कारागिरांना कंत्राटं द्यायचं. त्या कामावर देखरेख करायला हेन्री ॲडम्स नावाचा एक तरुण सुतार इथे आला आणि मग कायमचा इथलाच झाला. पुढे तोच इथला मुख्य जहाजबांधणीकार. नदीच्या बाजूचं ते शेवटचं मोठं घर त्याचं, आज तिथे हॉटेल आहे. सांगतात की म्हातारपणी त्याला खाली उतरणं जमेना तेव्हा तो त्या खिडकीत बसून खालच्या कामावर नजर ठेवायचा आणि खुणेने मुकादमांना वर बोलवायचा. ९२ वर्षं जगला तो. त्याच्या आणि त्याच्या मुलांच्या काळात मिळून पन्नासच्या आसपास नौदलाची जहाजं ह्या काठावर तयार झाली.

ॲडम्सचं नाव राहिलं, घर राहिलं. पण मला ह्या व्हिडिओत खरं बोलायचंय ते बाकीच्यांबद्दल, ज्यांच्या हाताने ती जहाजं झाली.

(न्यू फॉरेस्ट. सकाळचं धुकं, ओकची झाडं, खाली डुकरं.)

सगळं सुरू होतं इथून, जंगलातनं. ही शरद ऋतूतली सकाळ आहे आणि खाली ही डुकरं फिरतायत ती रानडुकरं नाहीत, गावकऱ्यांची पाळलेली आहेत. ओकची हिरवी फळं खाऊन इथल्या घोड्यांना विषबाधा होते, म्हणून दर वर्षी ठरावीक दिवस डुकरं सोडतात, ती सगळं खाऊन साफ करतात. हा हक्क इथल्या लोकांकडे शेकडो वर्षांपासून आहे. म्हणजे राजाचं जंगल, त्यातली हरणं राजाची, लाकूड राजाचं, पण खाली पडलेलं फळ गावच्या डुकराचं.

आता झाडाकडे बघा. आपल्याला वाटतं जहाजाला सरळसोट झाड लागत असेल. फळ्यांना लागतं, बरोबर आहे. पण जहाजाच्या बरगड्या वाकड्या असतात ना, त्या लाकूड वाकवून केलेल्या चालत नाहीत, एवढं जाड लाकूड वाकतच नाही, आणि सरळ लाकडातनं वाकडा तुकडा कापला तर रेषा आडव्या जातात आणि तो तिथेच तडकतो. म्हणून झाडच वाकडं शोधायचं! जंगलात दाटीवाटीने वाढलेला ओक सरळ वर जातो, पण शेताच्या बांधावर एकटा वाढलेला ओक असा फांद्या पसरून वाढतो, हा बघा हा, ह्या फांदीचं वळण बघा. जहाजबांधणी करणारे अशा झाडांवर डोळा ठेवून असायचे. जहाजाचा आकार आधी मोठ्या लाकडी फरशीवर खऱ्या मापात आखायचे, त्या रेषांवरनं पातळ फळ्यांचे साचे कापायचे आणि ते साचे घेऊन माणूस झाडाखाली उभा राहून वर बघायचा, कुठली फांदी कुठल्या बरगडीला बसते. आपल्याकडे शिंपी जसा पाठीला कापड लावून बघतो, तसं हे झाडाला साचा लावून बघणं.

ॲगमेम्नॉन नावाचं ६४ तोफांचं जहाज इथे बांधलं, त्याला सुमारे २००० ओक लागले असं सांगतात. आणि एक ओक जहाजालायक व्हायला शंभर वर्षं जातात.

झाड पाडायचं तेसुद्धा बऱ्याचदा वसंतात, रस चढलेला असताना, कारण तेव्हा साल सुटून येते आणि ती साल कातडं कमावणाऱ्यांना विकता येते. मग ओंडका मोठ्या चाकांच्या गाड्याखाली साखळीने टांगून, घोडे लावून, ह्या उतारावरनं खाली. पावसाळ्यात रस्त्याचं काय होत असेल विचार करा.

(वर्कशॉप. करवतीचा क्लोजअप, भुसा पडतोय.)

आता हे काम म्हणजे ज्याचं कुणी चित्र काढत नाही. ओंडक्याची फळी करायची तर जमिनीत माणसाएवढा खड्डा खणायचा, त्यावर ओंडका आडवा ठेवायचा, एक माणूस वर ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात, आणि मधे दोघांनी धरलेली लांब करवत. वरचा ओढतो, खालचा ओढतो. आपल्याकडेही इमारती लाकूड असंच कापायचे, जुन्या लोकांनी बघितलं असेल. वरच्या माणसाकडे हुशारीचं काम, रेघ सुटू द्यायची नाही. खालच्याला पाऊसच म्हणा, दिवसभर डोळ्यात, तोंडात, मानेत भुसा. त्याचा पगारही कमी. एका जहाजाच्या सगळ्या फळ्या, सगळ्या, अशा कापलेल्या, एकेक इंच दोघांच्या दंडाने. म्युझियममधे मोठी मोठी तैलचित्रं बघून बाहेर आलो तेव्हा माझ्या डोक्यात हाच खड्ड्यातला माणूस राहिला होता.

गावात आता लाकडी बोटी बांधायची जुनी कला शिकवणारी वर्कशॉप आहे. तिथल्या एका अनुभवी सुतारांनी आम्हाला वाकस चालवून दाखवला. हातात बघा, कुऱ्हाडीसारखाच पण पातं आडवं. ते स्वतः लाकडावर उभे आहेत आणि स्वतःच्या बुटाच्या टोकाच्या दिशेने घाव घालतायत आणि प्रत्येक घावाला ही एवढी पातळ ढलपी निघतेय, पापडासारखी, कॅमेऱ्यासमोर धरली तर पलीकडचा उजेड दिसला. मी विचारलं कधी पायाला लागलं नाही का, तर हसले आणि म्हणाले, एकदा लागलं की परत लागत नाही.

मग जहाज कसं उभं राहायचं, तर आधी काठावर उतरत्या ओंडक्यांवर कणा टाकायचा. कणा बहुतेक एल्म लाकडाचा, कारण एल्म सतत पाण्यात राहिलं तर कुजत नाही. त्यावर एकेक बरगडी. सगळा सांगाडा उभा झाला की लगेच फळ्या मारायची घाई नाही करायची, तो तसाच उघडा ठेवायचा महिनोन्महिने, वाऱ्याने लाकूड सुकायला. घाईत बांधलेलं ओलं जहाज आतनं सडतं. मग फळ्या. पुढच्या गोल भागाला फळी वाकवावी लागते, म्हणून लांब पेटीत वाफ सोडून त्यात फळी शिजवायची, एक इंच जाडीला साधारण एक तास असा हिशेब, आणि बाहेर काढली की पळायचं, अक्षरशः पळायचं, कारण थंड व्हायच्या आत ती जागेवर दाबून बसवली पाहिजे. सात-आठ जण, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, गरम फळी खांद्यावर.

आणि फळी बरगडीला जोडायची कशाने? इथे लोखंड होतं, काही ठिकाणी वापरायचेही, पण ओकमधलं आम्ल लोखंड खातं. म्हणून बहुतेक ठिकाणी लाकडाच्याच मेखा, ट्रिनेल म्हणतात त्याला, हातभर लांब. गिरमिटाने भोक पाडायचं, मेख ठोकून घालायची, टोकाला चीर पाडून त्यात पाचर मारायची, आणि पाण्यात गेल्यावर ती फुगून अशी बसते की निघतच नाही. अशा हजारो मेखा एका जहाजाला. ह्या मेखा तासत बसणं हे एका वेगळ्या माणसाचं काम.

फळ्यांमधल्या फटी बुजवणारे परत वेगळे. जुन्या दोरखंडांचे धागे पिंजायचे, फटीत लाकडी हातोड्याने ठोकून बसवायचे, थरावर थर, आणि वरनं गरम डांबर. ते धागे पिंजायचं काम कुठे करून घ्यायचे माहितीये, गरिबांच्या आश्रमात आणि तुरुंगात, बोटं रक्ताळायची.

(भरतीचं पाणी चढतंय, टाइमलॅप्स. नदीवर शिडाच्या बोटी.)

जहाज पाण्यात सोडायचा दिवस ठरायचा तो उधाणाच्या भरतीने, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या जवळचाच. नदी काही खोल नाही, त्यामुळे ती भरती चुकली तर पंधरा दिवस थांबायचं. उतरणीला चरबी फासायची, टेकू एकेक करून काढायचे आणि शेवटचा टेकू पडला की ते सगळं लाकूड, चार-चार वर्षं लोकांच्या दारासमोर उभं असलेलं, घसरत पाण्यात. आसपासच्या गावांतनं लोक बघायला यायचे.

पण हे जहाज अजून डोलकाठ्यांशिवायच, तोफांशिवाय. पुढे त्याला वल्ह्यांच्या होड्या बांधून, वळणा-वळणाने नदीतनं खाली ओढत न्यायचं, मग सोलंट नावाच्या समुद्राच्या पट्ट्यातनं पोर्ट्समथला. ही वळणं बघा ड्रोनमधनं आणि विचार करा, इंजिन नाही, १६० फूट लांब जहाज, समोर होड्यांत बसलेली माणसं वल्हवतायत.

१० एप्रिल १७८१ ला ॲगमेम्नॉन असं गेलं इथनं. १७९३ मध्ये ते मिळालं कॅप्टन होरेशियो नेल्सनला, जो पुढे ब्रिटिश नौदलाचा सगळ्यात गाजलेला सेनापती झाला, आणि नेल्सनचं हे सगळ्यात लाडकं जहाज म्हणतात. ह्याच जहाजाचा कॅप्टन असताना १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या लढाईत त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. २१ ऑक्टोबर १८०५ च्या ट्रफाल्गरच्या, म्हणजे फ्रान्स-स्पेनच्या आरमाराशी झालेल्या लढाईत ह्या एका गावची तीन जहाजं होती, ॲगमेम्नॉन, युरायलस आणि स्विफ्टशुअर. मॉडेलमधे काठावर ते दोन सांगाडे बघितले ना, तेच ते युरायलस आणि स्विफ्टशुअर. नेल्सन त्या लढाईत गेला, त्याचा लंडनमधला खांब तुम्ही सगळ्यांनी बघितलेला आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. ॲगमेम्नॉन १८०९ मध्ये दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वेच्या किनाऱ्यावर वाळूत रुतून बुडालं. युरायलसचं पुढे तुरुंग केलं, लहान मुलांचा. शिक्षा झालेली पोरं त्यात कोंडायचे, चॅथमच्या नदीत उभं करून.

(म्युझियमची घरं. एक खोली, चूल, बिछाना.)

परत गावात येऊ. ह्या रांगेतल्या काही घरांमधे अठराव्या शतकातलं राहणं जसंच्या तसं मांडून ठेवलंय. हे मजुराचं घर. जवळजवळ सगळं एका खोलीत, चूल, टेबल, भांडी, झोपायला कोपरा. आणि हे जहाजबांधणी करणाऱ्या कुशल सुताराचं, इथे बघा थोडी बरी खुर्ची, ताटं, वेगळी खोली. दोघांचं काम एकाच जहाजावर, घरं शेजारी-शेजारी, पण आत गेल्यावर फरक लगेच कळतो. मजुराच्या घरातली ही मेणबत्ती, इथे मी कॅमेऱ्याला लाइट न लावता शूट केलंय मुद्दाम, जेवढं दिसतंय तेवढ्याच उजेडात ती बाई शिवत बसत असणार. गावाचं जुनं मद्यगृहसुद्धा असंच मांडलंय, लोक टेबलाभोवती बसलेले, पुतळेच आहेत, पण एकाचे हात ज्या पद्धतीने केलेत ना, बोटांची पेरं सुजलेली, त्या कलाकाराला मानलं.

आणि एका घराच्या आतच हे छोटं चर्च. बाहेरनं कळतही नाही, घरासारखंच दार.

ॲडम्स १८०५ मध्ये गेला. मुलांनी एकाच वेळी फार कंत्राटं घेतली, जहाजं वेळेत झाली नाहीत, दंड बसला आणि काम आटपलं. माणसं दुसरीकडे गेली, घरं शेतमजुरांना भाड्याने गेली.

ओक कमी पडायला लागले होते हे तर होतंच. आणि इथे आपल्याशी धागा जुळतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे पारशी कारागीर सागवानाची जहाजं बांधत होते, लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले तेव्हापासून, आणि ब्रिटिश नौदलाने मग त्यांच्याकडून लढाऊ जहाजं बांधून घ्यायला सुरुवात केली. ७४ तोफांचं मिंडेन १८१० मध्ये मुंबईतनं पाण्यात उतरलं. सागवानात तेल असतं, त्यात लोखंड गंजत नाही, ओकसारखं नाही.

(हार्टलपूलचं फुटेज. जहाजाचा डेक.)

हे मागच्या वर्षी उत्तर इंग्लंडमधल्या हार्टलपूलला शूट केलेलं, १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज. आजही तरंगतंय. डेकवर हात ठेवला तेव्हा गाइड म्हणाला हे लाकूड मलबारचं. बकलर्स हार्डचं एकही जहाज आज हात लावायला शिल्लक नाही, त्यामुळे ते कसं लागत असेल हे मला इथेच कळलं, मुंबईच्या जहाजावर.

इकडे सरकारने १८०८ मध्ये कायदा करून न्यू फॉरेस्टमधे नौदलासाठी पुन्हा ओक लावायला घेतले. ती रोपं मोठी व्हायच्या आतच, १८६० मध्ये, वॉरियर हे लोखंडी जहाज पाण्यात उतरलं. जहाजांसाठी तो ओक कापायला कुणी आलंच नाही.

(संध्याकाळ. नदी, नौका, हॉटेलच्या बागेत लोक.)

दुसऱ्या महायुद्धात ह्या नदीत फ्रान्सवर उतरायच्या बोटी जमल्या होत्या. नंतर फ्रान्सिस चिचेस्टर, ज्याने १९६६-६७ मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतनं पृथ्वीला फेरी मारली, तो आपली बोट इथे ठेवायचा. आता बघाल तर सगळ्या हौशी लोकांच्या पांढऱ्या बोटी. नदीच्या ह्या भागाचा तळसुद्धा माँटेग्यूंच्या इस्टेटच्या मालकीचा, त्यामुळे काठावर बिल्डर येऊ शकले नाहीत आणि गाव आहे तसं राहिलं, ह्याबद्दल मला खरंच त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

निघायच्या आधी परत वर्कशॉपमधे गेलो. सुतारकाका एका छोट्या होडीवर काम करत होते, एक मुलगी शिकत होती हाताखाली, विशीतली असेल. तिने गिरमिटाने भोक पाडलं, मेख घेतली, टोक जरा तासलं, परत लावून बघितलं, परत तासलं. घट्ट बसत नव्हती. काका काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा तिने ती लावली आणि हातोडा घेतला.

(इथून पुढे निवेदन नाही. ठोकण्याचा आवाज. प्रत्येक घावाला आवाज बदलत जातो. मेख पूर्ण आत जाईपर्यंत शॉट ठेवा.)